उन्हाळी प्रकल्पाच्या शेवटी विद्यार्थ्याने काय द्यावयाचे?

आपल्या न्यासाच्या कुटुंबांतील पुष्कळ मुलेमुली आज संगणकशास्त्र शिकत आहेत. त्यांतील एखादी मुलगी घरी येऊन सांगते की, 'गूगल समर ऑफ कोड'मध्ये माझी निवड झाली. वडीलधाऱ्यांस आनंद होतो. परंतु तेथे काय करावयाचे आणि शेवटी काय हाती द्यावयाचे, हे घरात कोणास ठाऊक नसते. कित्येकदा मुलांसही नसते, आणि निवड झाली म्हणजे सर्व झाले असे ती समजून चालतात.

ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो तिला मुक्तस्रोत म्हणतात. लिनक्स हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. अशा प्रकल्पांतील जाणत्या मंडळींच्या हाताखाली नवख्यांनी काम करावे, यासाठी गूगल कंपनीने २००५ साली हा उपक्रम काढला. प्रथम तो विद्यार्थ्यांपुरता होता; २०२२ पासून अठरा वर्षांवरील इतर नवख्यांसही खुला झाला. २०२४ पासून कामाचे साधारण ९०, १७५ व ३५० तास असे तीन आकार आहेत. मध्यावर व शेवटी मार्गदर्शक परीक्षण करतो आणि त्यावर मानधनाचा हप्ता अवलंबून असतो. मध्यावर नापास झाल्यास काम तेथेच थांबते. अर्जास फी मुळीच नाही. कोणी मागितल्यास देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. 'माझ्या संगणकावर चालते' एवढ्याने काम पुरे होत नाही. गणिताच्या वहीत नुसते उत्तर असून रीत नसेल तर आम्ही शिक्षक पूर्ण गुण देत नाही, तसेच हे आहे. आपण गेल्यावर परक्या माणसास आपले काम वाचून पुढे नेता आले पाहिजे.

यासाठी काम लहान लहान तुकड्यांनी पाठवावे. 'हा बदल मूळ प्रतीत घ्यावा' अशा विनंतीस पुल रिक्वेस्ट म्हणतात. पन्नास ओळींचा बदल मार्गदर्शक एका बैठकीत वाचतो व चूक दाखवितो. शेवटच्या आठवड्यात एकदम आलेल्या तीन हजार ओळी तशाच पडून राहतात, आणि मुलगा मार्गदर्शकास दोष देतो! प्रत्येक बदलासोबत तो का केला याची दोन वाक्ये असावीत. चाचण्याही असाव्यात. समजा, देवनागरी अंकांत तारीख दाखविण्याची सोय केली. मग २९ फेब्रुवारी, रिकामी जागा आणि इंग्रजी अंकांत लिहिलेली तारीख दिली असता काय होते, हे तपासणारा कोडही त्याबरोबर द्यावा. वापर कसा करावा याची माहितीही लिहावी. हे काम मुलांस कमीपणाचे वाटते, पण नव्या माणसास त्याचाच आधार असतो. यंत्राकडून लिहवून घेतलेला कोड ज्यास स्वतः समजावून सांगता येत नाही, त्याने तो पाठवू नये हे बरे.

संख्येच्या मागे लागण्याचा परिणाम २०२० च्या ऑक्टोबरात दिसला. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाच्या दुसऱ्या एका उपक्रमात चार पुल रिक्वेस्टींस एक टी-शर्ट मिळे. त्या लोभाने एखादाच निरर्थक शब्द घालणाऱ्या विनंत्यांचा असा पूर आला की, प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले. शेवटी, ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढ्यांतीलच काम धरावे, असा नियम त्याच महिन्यात करावा लागला.

समर ऑफ कोडच्या अखेरीस एक पत्ता सादर करावयाचा असतो. त्या पानावर कामाचा उद्देश, केलेले काम, सध्याची स्थिती, मूळ प्रतीत काय स्वीकारले गेले व काय नाही, आणि राहिले काय, हे लिहावयाचे. पान उघडणाऱ्यास आपले काम शोधत बसावे लागू नये. सर्व कोड स्वीकारला गेलाच पाहिजे अशी अट नाही. 'राहिले काय' हा भाग मुले दोन शब्दांत उरकतात. माझ्या मते तो सर्वांत सविस्तर असावा, कारण पुढे येणारा तेथूनच सुरुवात करणार. पालकांनीही प्रशस्तिपत्र मागण्याऐवजी हे पान दाखवावयास सांगावे, आणि 'यातले तुझे कोणते, ते समजाव' असे म्हणावे.