ट्रकच्या टेललाइटचा बल्ब ‘जातो’ म्हणजे नेमकं काय होतं? समजून घ्या बल्बच्या आतली यंत्रणा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरी मागे पडली की अच्छाड येतं आणि तिथे महाराष्ट्र संपतो. पुढे गुजरातमधलं भिलाड, मग वापी. कागदोपत्री हा आता राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, पण अनेकांच्या तोंडी तो अजूनही ‘आठ नंबर’च. दोन राज्यांमधली मालवाहतूक रात्रंदिवस या रस्त्याने सुरू असते.

रात्री अशा रस्त्यावर पुढचा ट्रक लांबून ओळखू येतो तो मुख्यतः मागच्या दोन लाल दिव्यांमुळे. नव्या गाड्यांमध्ये तिथे एलईडी असतात. पण जुन्या ट्रक, टेम्पो आणि ट्रेलरच्या लाल काचेमागे अजूनही तारेचा साधा बल्बच असतो. घरातला पिवळा बल्ब २०१५ मध्ये उजाला योजना आल्यानंतर झपाट्याने मागे पडला. महामार्गावर मात्र त्याची ड्युटी अजून संपलेली नाही.

हा बल्ब तयार कसा होतो, पेटतो कसा आणि जातो का? आणि अपघातानंतर तो पुरावा कसा ठरतो?

१५५ मीटरचा हिशेब

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत वाहनाचे दिवे सुरू असावे लागतात. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. म्हणजे १५५ मीटरवर लाल दिवा दिसला, तर मागच्या ड्रायव्हरकडे सुमारे सात सेकंद असतात.

आता तो दिवा बंद आहे असं समजा. डिपरवर असलेल्या हेडलाइटमध्ये समोरची काळपट वस्तू जेमतेम ५०-६० मीटरवर दिसते. याच वेगातली कार कोरड्या रस्त्यावर थांबायला, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरून, साधारण ७५ मीटर लागतात. पावसात त्याहून जास्त. म्हणजे ट्रक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काही रुपयांच्या बल्बवर एवढं अवलंबून असतं.

बल्बच्या आत काय काय असतं?

फिलामेंट : बल्बमधली ही टंगस्टन धातूची बारीक तार. दिसायला ती छोट्या स्प्रिंगसारखी असते. वीज या तारेतून जाताना तार तापते आणि सुमारे २५०० अंश सेल्सिअसला पोहोचून प्रकाश देऊ लागते. इतक्या तापमानाला लोखंड केव्हाच वितळलं असतं. टंगस्टन मात्र ३४२२ अंशांपर्यंत टिकतं, म्हणून फिलामेंटसाठी तेच वापरतात. थॉमस एडिसनच्या १८७९ च्या बल्बमध्ये कार्बनची तार होती. टंगस्टनची लवचीक तार काढण्याची पद्धत विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास शोधली.

काच आणि गॅस : तापलेल्या टंगस्टनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संपर्क आला, तर ते क्षणात जळून जातं. त्यामुळे काचेच्या फुग्यातली हवा काढून टाकतात. त्या जागी बहुतेक बल्बमध्ये अरगॉन आणि नायट्रोजनसारखा वायू भरतात. हे वायू टंगस्टनशी संयोग पावत नाहीत आणि तारेवरून धातू उडून जाण्याचा वेगही कमी करतात.

आधाराच्या तारा : फिलामेंट दोन जाड तारांवर ताणलेलं असतं. त्या तारा काचेतून खाली टोपीपर्यंत जातात. काच आणि धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावले, तर जोडावर तडा जाईल आणि हवा आत शिरेल. म्हणून काचेत बसणाऱ्या भागासाठी लोखंड-निकेलच्या गाभ्यावर तांब्याचा थर दिलेली खास तार वापरतात. तिचं प्रसरण काचेशी जुळतं.

टोपी : होल्डरमध्ये बसणारा धातूचा भाग. आपल्या घरातल्या बल्बच्या टोपीला दोन पिना असतात. गाडीच्या बल्बलाही असतात, पण त्या नीट पाहिल्या तर एक वेगळीच गोष्ट दिसते.

एका बल्बमध्ये दोन बल्ब

टेललाइट आणि ब्रेकलाइट या दोघांचं काम अनेक गाड्यांमध्ये एकच बल्ब करतो. त्यात दोन फिलामेंट असतात. ५ वॅटचं फिलामेंट रात्रभर मंद जळतं, तर २१ वॅटचं फक्त ब्रेक दाबल्यावर पेटतं. वीज चौपट लागते, पण प्रकाश दहापटीहून जास्त पडतो. म्हणूनच पुढच्याने ब्रेक मारला की मागच्याला फरक लगेच जाणवतो.

या बल्बच्या दोन पिना मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर ठेवलेल्या असतात. त्यामुळे बल्ब उलटा बसत नाही. जोर लावून बसवला, तर ब्रेकचं फिलामेंट रात्रभर जळत राहतं आणि ब्रेक दाबल्यावर उलट मंद दिवा पेटतो. मागच्या ड्रायव्हरला मग ब्रेक लागल्याचं कळत नाही.

वीज परत जाण्याचा रस्ता टोपीच्या धातूतून गाडीच्या बॉडीकडे जातो. गॅरेजच्या भाषेत हा ‘अर्थ’. होल्डर गंजला आणि अर्थ तुटला, की वीज दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढते. ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणणं किंवा इंडिकेटरबरोबर टेललाइट लुकलुकणं ही त्याचीच लक्षणं. अशा वेळी बल्ब बदलून उपयोग नसतो, होल्डर घासून अर्थ नीट करावा लागतो. पावसाळ्यानंतर हे जास्त दिसतं.

मग बल्ब जातो कशामुळे?

वयामुळे : तापलेल्या फिलामेंटवरून टंगस्टनचे कण सतत उडत असतात आणि आतून काचेवर बसतात. म्हणून जुना बल्ब काळवंडतो. तार जिथे जास्त बारीक होते तिथे जास्त तापते, जास्त तापते म्हणून आणखी बारीक होते आणि शेवटी तुटते.

स्विच टाकताना : थंड टंगस्टनचा विजेला होणारा विरोध तापलेल्या टंगस्टनच्या दहा ते पंधरा पट कमी असतो. त्यामुळे स्विच टाकताच क्षणभर नेहमीच्या कित्येक पट जास्त करंट वाहतो. बारीक झालेली तार त्याच झटक्यात तुटते. बल्ब बहुतेक वेळा पेटवतानाच का जातो, याचं उत्तर हेच.

व्होल्टेज वाढल्यामुळे : व्होल्टेज फक्त ५ टक्के वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते. चार्जिंग नियंत्रित करणारा रेग्युलेटर बिघडला, तर सगळ्या बल्बना जादा व्होल्टेज मिळतं. वरचेवर बल्ब उडत असतील, तर दुकानदाराला दोष देण्याआधी रेग्युलेटर तपासलेला बरा.

हादऱ्यांमुळे : खड्डे आणि ओव्हरलोडिंग हे फिलामेंटचे शत्रू. तरीही गाडीचा बल्ब घरच्या बल्बपेक्षा दणकट असतो. २३० व्होल्टच्या ६० वॅट बल्बमधलं फिलामेंट केसापेक्षा बारीक असतं आणि उलगडलं तर अर्ध्या मीटरहून लांब भरतं. १२ किंवा २४ व्होल्टच्या बल्बला आखूड आणि जाड तार पुरते, म्हणून ती हादरे जास्त सोसते.

पाण्यामुळे : लाल काच फुटली असेल, तर पावसाचा थेंब थेट तापलेल्या बल्बवर पडतो. काचेला तडा जातो, हवा आत शिरते आणि फिलामेंट जळतं. अशा बल्बच्या आत पांढरट किंवा पिवळट भुकटी दिसते. ती टंगस्टनची जळकी राख.

लाल काच फुटण्यात आणखी एक धोका आहे. बल्ब स्वतः लाल नसतो. काच नसली की मागून पांढरा-पिवळा उजेड दिसतो आणि अंधारात तो समोरून येणाऱ्या गाडीचा आहे असा भास होऊ शकतो.

बल्ब साक्ष देतो तेव्हा

मागून धडक बसल्यावर पहिला वाद ठरलेला असतो. पुढचा म्हणतो दिवे चालू होते, मागचा म्हणतो बंद होते. याचं उत्तर कधीकधी फिलामेंटमध्ये सापडतं.

टंगस्टन थंड असताना ठिसूळ असतं, तापलं की मऊ होतं. त्यामुळे धडकेच्या क्षणी दिवा बंद असेल, तर फिलामेंट एक तर जसंच्या तसं राहतं किंवा कडकन तुटतं. तुटलेली टोकं चकचकीत आणि धारदार दिसतात. दिवा चालू असेल, तर मऊ झालेली स्प्रिंग ताणली जाते आणि वेडीवाकडी होते. त्याच वेळी काचही फुटली, तर हवा लागून फिलामेंट काळं-निळं पडतं, त्यावर पांढरट भुकटी चढते. काचेचे बारीक कण त्यावर वितळून चिकटलेलेही सापडतात.

दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये तर ब्रेक दाबला होता की नाही, याचाही अंदाज बांधता येतो. अर्थात धक्का दिव्याच्या जवळ बसला नसेल, तर या खुणा उमटतीलच असं नाही.

म्हणून अपघातानंतर ‘दिवा चालतो का बघू’ म्हणत स्विच टाकू नये आणि बल्ब काढूही नये. काच फुटलेल्या बल्बला वीज मिळाली, तर फिलामेंट तेव्हाच जळतं आणि खरा पुरावा नष्ट होतो.

एलईडी लावला की प्रश्न सुटतो का?

बराचसा. तारेचा बल्ब ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. शिवाय पूर्ण पेटायला त्याला सुमारे ०.२ सेकंद लागतात, तर एलईडी जवळपास तत्काळ लागतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात हा फरक चार मीटरहून जास्त होतो. एलईडीत तुटणारी तारही नसते.

मात्र जुन्या लाल काचेमागे बाजारातला पांढरा एलईडी बसवला, तर उजेड फिका गुलाबी पडू शकतो आणि काचेच्या रचनेशी न जुळल्याने नीट पसरत नाही. त्यासाठी त्या गाडीला मान्य असलेला पूर्ण लाइट घेणंच योग्य.

निघण्याआधी दोन मिनिटं

– हेडलाइटचा स्विच टाकून गाडीच्या मागे जाऊन बघा. दोन्ही लाल दिवे सारखेच दिसायला हवेत.
– एकाला ब्रेक दाबायला सांगा. उजेड ठळकपणे वाढला पाहिजे.
– बल्बची काच काळवंडली असेल, तर तो जाण्याची वाट न पाहता बदला.
– लाल काच आणि रिफ्लेक्टर टेप पुसून घ्या. बल्ब गेलाच, तर मागच्या गाडीच्या उजेडात चमकणारी ती टेप हाच शेवटचा आधार असतो.
– दोन-चार जादा बल्ब गाडीत ठेवा. घेताना व्होल्टेज आणि पिना जुन्या बल्बशी जुळवून घ्या.

बल्ब गेलेला ड्रायव्हरला केबिनमध्ये बसून बहुतेक वेळा कळत नाही. तो मागून येणाऱ्यालाच दिसतो, किंवा दिसत नाही. म्हणून खाली उतरून एकदा मागे चक्कर मारणं महत्त्वाचं.