गोळी घेतली, खाज राहिली
लेखांक ६

‘ती एकदाच घ्यायची गोळी द्या.’ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठल्याही औषधाच्या दुकानात ही मागणी गिऱ्हाइकं पांगल्यावर हळूच होते. दुकानदारही पुढे काही विचारत नाही. गोळी असते १५० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोलची, बुरशीवरची. खरं तर चिठ्ठीवर द्यायचं औषध. अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटतेय, आग होतेय, एवढ्यावर ती घेतली जाते आणि बऱ्याचजणींना दोन-चार दिवसांत उतारही पडतो. उरलेल्या म्हणतात, ‘मला आता ही लागूच पडत नाही.’

आजचा लेखांक त्यांच्यासाठी.

लागू न पडण्याचं कारण अनेकदा साधं असतं: तिथे बुरशी नसतेच. जिवाणूंचा असमतोल असतो, ट्रायकोमोनास हा परजीवी असतो, नाहीतर सुगंधी वॉशने कातडी चिडलेली असते. बुरशीचा स्राव सहसा घट्ट, दह्यासारखा आणि बिनवासाचा. जिवाणूंचा पातळ, करडा, मासळीसारख्या वासाचा. पण नुसत्या लक्षणांवरून डॉक्टरही फसतात. म्हणूनच सरकारी केंद्रांत या तक्रारीसाठी मिळणाऱ्या हिरव्या किटमध्ये फ्लुकोनाझोलबरोबर जिवाणू-परजीवींवरचं सेक्निडाझोलही असतं. खात्री हवी तर स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवा.

हे पाहणंच आपल्याकडे राहून जातं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. लोकलच्या पट्ट्यातल्या शहरांत दवाखाने ढीगभर आहेत, पण लाज तीच आहे. त्यात गोळी दुकानात सहज मिळते, मग तपासायला जातंय कोण?

आता खरोखर दाद न देणाऱ्या बुरशीकडे. बुरशीच्या पेशीचं आवरण एर्गोस्टेरॉलवर टिकतं आणि फ्लुकोनाझोल त्याचंच उत्पादन अडवतं. नेहमीची कॅन्डिडा अल्बिकन्स यात सहसा हरते. तिची चुलत बहीण ग्लॅब्राटा मात्र आत आलेलं औषध पंपाने पाणी उपसावं तसं बाहेर फेकते. दुसरी बहीण क्रुसेई, तिच्यावर तर ही गोळी मुळातच चालत नाही. गोळ्या पुन्हापुन्हा खाल्ल्या की अल्बिकन्स मरते आणि मोकळी जागा या दोघींना मिळते. त्यांची ओळख कल्चरमध्ये, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, पटते. ग्लॅब्राटासाठी मग योनीत ठेवायच्या बोरिक आम्लाच्या कॅप्सूल लागतात, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीत. त्या चुकूनही गिळायच्या नाहीत; बोरिक आम्ल पोटात गेलं तर विष.

वर्षात तीनदा किंवा जास्त त्रास झाला तर तो वारंवारचा संसर्ग. गंमत म्हणजे यातही बुरशी बहुधा साधी अल्बिकन्सच असते. ती गोळीला दाद देते, गोळी थांबली की परतते. म्हणून आधी तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन गोळ्या आणि नंतर सहा महिने आठवड्याला एक, असा उपचार डॉक्टर देतात. सोबत रक्तातली साखर तपासावी. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही सांगावं. ते साखर लघवीवाटे बाहेर काढतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

गर्भवतींनी ही गोळी स्वतःहून अजिबात घेऊ नये. त्यांच्यासाठी योनीत ठेवायचं क्लोट्रिमाझोल आहे, सात दिवसांचं.

पुढच्या आठवड्यात: गजकर्ण आणि स्टेरॉइडची मलमं.