दुवा कुठे, वजन किती?

पेजरँक (1998): दुव्यांवरून पानाचे महत्त्व मोजण्याची गूगलची पद्धत; लॅरी पेज, सर्गे ब्रिन यांची. मूळ सूत्रात पानावरच्या सर्व दुव्यांना सारखा वाटा.

‘रीझनेबल सर्फर’: गूगलचे पेटंट, अर्ज 2004, मंजुरी 2010. ज्या दुव्यावर वाचक क्लिक करण्याची शक्यता जास्त, त्याचे वजन जास्त. जागा, अक्षरांचा आकार, दुव्याचे शब्द हे काही निकष.

उदाहरण: तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांवरचा (कारकीर्द 1798–1832) लेख. मोडी कागदपत्रांच्या परिच्छेदातच ‘सरस्वती महाल ग्रंथालय’ या शब्दांवर दिलेला दुवा विषय सांगतो. पानाच्या तळाशी, पत्ता आणि कॉपीराइटच्या ओळीत अडकलेला ‘येथे पाहा’ काहीच सांगत नाही.

नोफॉलो (2005): ‘हा दुवा मोजू नका’ ही खूण. 2019 पासून गूगलच्या लेखी ती आज्ञा नव्हे, सूचना. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही खूणही 2019चीच.

जागेनुसार नेमके किती वजन, हे गूगल जाहीर करत नाही.