काळजीची लाट

‘‘एवढी काळजी कशाला करतेस?’’ असं विचारणाऱ्याला वाटतं, काळजी म्हणजे पाण्याचा नळ आहे. फिरवला की बंद! तसं नसतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. मुलाला क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला, की आपलं मन अपघात, हॉस्पिटल, पोलीस असा सगळा प्रवास करून येतं. तोवर चिरंजीव शीळ घालत दारात हजर.

माझं हे प्रमाण वाढलं ते ह्यांच्या अँजिओप्लास्टीनंतर. रिपोर्ट चांगले आले, हे ऑफिसला जाऊ लागले. पण मी मात्र रात्री दोन-दोनदा उठून ह्यांचा श्वास चालू आहे ना, ते पाहायची. दुपारी तीन फोन ठरलेले. ‘‘मी बरा आहे गं,’’ हे ऐकलं की जीव भांड्यात पडायचा. तासाभरात पुन्हा धडधड. डॉक्टरांनी मलाच तपासलं. हृदय ठणठणीत होतं. ‘‘ही चिंता आहे,’’ ते म्हणाले.

त्यांच्याच सल्ल्याने मी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले. ब्रह्मदेशात वाढलेले सत्यनारायण गोएंका स्वतः व्यापारी. मायग्रेनने बेजार होऊन १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले आणि १९६९ मध्ये ती भारतात घेऊन आले. २०१३ मध्ये ते गेले, पण त्यांची प्रवचनं आजही शिबिरात रोज संध्याकाळी ऐकवतात.

नियम कडक. पहाटे चारला घंटा. फोन, पुस्तक, वही सगळं जमा. आणि ‘आर्य मौन’, म्हणजे बोलणं नाहीच, खाणाखुणासुद्धा नाहीत. अडचण आली तर सेविकेला किंवा आचार्यांना सांगायची, एवढीच मुभा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मुद्दाम दीर्घ करायचा नाही, जसा आहे तसा.

मौनाने मन शांत होईल, असं वाटलं होतं. कसलं काय! तोंड बंद झाल्यावर आतली बडबड जास्तच ऐकू यायला लागली. पाचव्या दिवशी दुपारी एकदम वाटलं, ह्यांना काहीतरी झालंय. छातीत गरम लाट उठली, हात ओले. घरी असते तर फोन लावला असता. इथे फोनच नाही. बसून राहिले, आणि शिकवलं होतं तसं शरीरात काय होतंय ते नुसतं पाहत राहिले. लाट चढली, थोडी रेंगाळली आणि ओसरली. कुणी ‘सगळं ठीक आहे’ न सांगताच ओसरली!

तेव्हा उमगलं, रोजचे ते तीन फोन माझ्या काळजीला औषध नव्हते, खुराक होते.

आता प्रत्येकीला दहा दिवस घर सोडणं कुठलं जमायला? पण वर्तमानात येणं घरीही जमतं. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात याच धर्तीवर आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, तोही घरी रोज सराव करण्यावरच उभा आहे. मी रोज पंधरा मिनिटं टीव्ही-मोबाइल बंद करून श्वासाकडे लक्ष देते. कणीक मळताना कणकेचा मऊपणा, गारवा हाताला जाणवू देते. मन उद्याकडे पळालं, की न रागावता परत आणते. आणि फोन करावासा वाटला की दहा मिनिटं थांबते. बहुतेक वेळा नंतर तो करावाच लागत नाही.

एक मात्र नक्की सांगेन. झोप पूर्ण उडाली असेल, घाबरल्याचे झटके येत असतील किंवा गोळ्या चालू असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. परस्पर गोळ्या बंद करून शिबिराला जाऊ नका. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात. ती खरी लिहा.

काळजी अजूनही येते. फक्त आता ती आली की लगेच तिच्यामागे धावत नाही. हल्ली दुपारी ह्यांचाच फोन येतो, ‘‘काय गं, आज फोन नाही केलास? बरी आहेस ना?’’