फिरत्या घनाची विद्या

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे आज तालुक्याचे गाव असले, तरी बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, कल्याणी या नावाने ते चालुक्यांची राजधानी असताना, तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राज्यकारभार, वैद्यक आणि पाकशास्त्र यांच्याच पंक्तीला चतुरंग व प्रहेलिका या क्रीडांना बसवले. बुद्धीला अडवून धरणारा खेळ राजालाही उचित मानण्याची ही परंपरा आपल्या सीमाभागाची आहे; म्हणून माणिकनगरच्या वा गाणगापूरच्या यात्रेत, खेळण्यांच्या दुकानात भोवऱ्यांशेजारी मांडलेला सहा रंगांचा फिरता घन परदेशातून आला असला, तरी या भूमीला परका वाटू नये.

त्याचे जनक एर्नो रुबिक हे बुडापेस्टचे. वडील ग्लायडर विमाने रचणारे नामांकित अभियंते, आई कवयित्री, आणि स्वतः तेथील उपयोजित कला अकादमीत अध्यापक. १९७४ च्या वसंतात त्यांच्यापुढे प्रश्न होता तो निव्वळ बांधणीचा: लहान घनांनी बनलेल्या मोठ्या घनाचा प्रत्येक थर स्वतंत्रपणे फिरावा आणि तरीही एकही तुकडा गळून पडू नये, हे साधावे कसे? रबराच्या पट्ट्यांनी बांधलेले लाकडी ठोकळे टिकेनात, तेव्हा तुकड्यांच्या आकारानेच त्यांना परस्परांत अडकवून ठेवण्याची हिकमत त्यांना सुचली. ती साधली, बाजूंना रंग चढले, काही फेरे झाले, आणि मूळ क्रम परत आणणे आपल्यालाही जमत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. उत्तर सापडण्यास महिन्याहून अधिक काळ लागला. १९७५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९७७ मध्ये तो मंजूर होऊन घन बुडापेस्टच्या दुकानांत आला, आणि १९८० पासून ‘रुबिक्स क्यूब’ या नावाने तो जगभर पोहोचला.

वरचा थर अर्ध्या वळणावर थांबवून कडेचा एक तुकडा अंगठ्याने हलकेच उचकटला, की या हिकमतीचे अंतरंग उघडे पडते. आत सहा भुजांचा गाभा असतो; प्रत्येक भुजेच्या टोकाशी, स्क्रू आणि स्प्रिंग यांवर तोललेला, एकेका बाजूचा मध्यतुकडा असतो. हे सहाही जागच्या जागी फिरतात, पण त्यांचे परस्परांतील स्थान कधी बदलत नाही. म्हणूनच कोणत्या बाजूस कोणता रंग यायचा, हे मध्यतुकड्यावरून नेहमीच कळते. कडेच्या बारा तुकड्यांच्या जिभा मध्यतुकड्यांखाली शिरतात, आणि आठ कोपऱ्यांचे पाय त्या कडेच्या तुकड्यांखाली. सत्तावीस घनांचा भासणारा ठोकळा वस्तुतः सव्वीस तुकड्यांचा असतो, आणि त्यातील प्रत्येक तुकडा शेजाऱ्यांच्या आधारावर उभा असतो.

या तुकड्यांच्या मांडण्या किती, हे मोजण्याची किल्ली भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’तच दिली आहे. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केल्यास मूर्तीचे भेद किती, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ३६,२८,८०० येते. त्याच अंकपाशाच्या, म्हणजे मांडण्या मोजण्याच्या, रीतीने आठ कोपरे, बारा कडा आणि त्यांची वळणे हिशेबात धरली, की घनाच्या शक्य अवस्था ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० भरतात. मात्र ही अफाट संख्याही कायद्याच्या अमलाबाहेर नाही. घन सुटा करून तुकडे वाटेल तसे पुन्हा बसवले, तर बारांतून सरासरी एकदाच तो सुटण्याजोगा असतो. कारण फिरवून फिरवून एकटा कोपरा जागच्या जागी वळवता येत नाही, एकटी कड उलटता येत नाही, आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवून दोनच तुकड्यांची अदलाबदल होत नाही. शिवाय कायदेशीर अवस्था कितीही विस्कटलेली असो, तीतून जास्तीत जास्त वीस चालींत मूळ स्थितीस येता येते, हे २०१० मध्ये रोकिकी, कोसिएम्बा, डेव्हिडसन आणि डेथ्रिज यांनी संगणकांच्या साहाय्याने सिद्ध केले.

बांधणीच्या प्रश्नाने रुबिक यांनाच पछाडले होते असे नाही. त्यांच्यापूर्वी, १९७० मध्ये, अमेरिकेत लॅरी निकोल्स यांनी आठ घन लोहचुंबकांनी जोडून पाहिले होते. जपानात तेरुतोशी इशिगे स्वतंत्रपणे तशाच यंत्रणेपाशी पोहोचले. ऊवे मेफर्ट यांनी चतुष्फलकाला फिरते केले, पुढे ग्रीसचे पानायोतिस वेर्देस यांनी थरांची संख्या वाढवली तरी कोपरे सुटू नयेत अशी अंतर्रचना शोधली, आणि नेदरलँड्सचे ऑस्कर व्हान डेव्हेंटर यांनी एकेका कडेवर सतरा तुकडे असलेला घन फिरवून दाखवला.

पन्नास वर्षे हे आकर्षण ओसरलेले नाही, याचे कारण मला असे दिसते की शेजाऱ्याला न हलवता येथे कोणालाच हलता येत नाही. पहिला थर लागतो, दुसरा लागतो, आणि मग तिसऱ्यासाठी हाताने लावलेलेच हाताने मोडावे लागते. घाबरा मनुष्य येथेच थांबतो, आणि ज्याने आपल्या चालींचा क्रम नीट ध्यानात ठेवला आहे तो निर्धास्तपणे मोडतो, कारण मोडलेले कोणत्या वाटेने परत येणार हे त्याला ठाऊक असते. भालकी, औराद, आळंद येथल्या शाळांनी गणिताच्या कपाटात असा एक घन अवश्य ठेवावा, मुलांना तो उघडू द्यावा, आणि त्याच्याच जोडीने अंकपाश शिकवावा. अव्यवस्था दिसताच हातपाय न गाळता तिच्यातला नियम शोधू लागणे, ही सवय ज्या मुलाला लागली, त्याला ती पुढे वहीबाहेरच्या हिशेबांतही कामी येईल.