केसांतील अमली पदार्थांची तपासणी आणि सौंदर्यप्रसाधने : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

न्यायवैद्यक विज्ञानात रक्त व मूत्र या नमुन्यांच्या जोडीला केस हा नमुना गेल्या चार दशकांत प्रतिष्ठा पावला आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील वर्नर बाउमगार्टनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी प्रतिरक्षा-परीक्षणाच्या साहाय्याने केसांतून अफूजन्य द्रव्यांच्या सेवनाचा माग काढता येतो असे दाखविले, आणि १९९५ मध्ये या विषयाला वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ मध्ये २००५ च्या दुरुस्तीने जे स्पष्टीकरण जोडले गेले, त्यात आरोपीच्या वैद्यकीय तपासणीत केसांच्या नमुन्याचा स्पष्ट उल्लेख आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ मध्ये ही तरतूद कायम आहे. बंगळूर येथील २०२० च्या बहुचर्चित अमली पदार्थ प्रकरणात आरोपींचे केस हैदराबाद येथील केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठविले गेले, तेव्हा ही पद्धती सामान्य वृत्तपत्र-वाचकालाही परिचित झाली.

मात्र केस हा शरीराचा असा भाग आहे की ज्यावर माणूस रोज काहीतरी लावतो. रक्ताला कोणी कलप लावीत नाही. प्रस्तुत लेखात या साध्या वस्तुस्थितीचे तपासणीच्या निष्कर्षावर होणारे परिणाम जालना जिल्ह्यातील केशप्रसाधनाच्या चालीरीती डोळ्यांपुढे ठेवून स्पष्ट केले आहेत.

केसात द्रव्य कसे साठते

रक्तातील द्रव्य रोमकूपाच्या तळाशी वाढत्या पेशींत शिरते आणि केस कठीण होताना केराटिनच्या जाळ्यात अडकून पडते. घाम व त्वचास्निग्ध यांतूनही काही अंश येतो. डोक्याचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने मुळाकडील तीन सेंटिमीटर म्हणजे स्थूलमानाने मागील तीन महिन्यांचा इतिहास होय. मूत्रातून बहुतेक द्रव्ये काही दिवसांत नाहीशी होतात. केसाचे सामर्थ्य या दीर्घ कालावधीत आहे. पण त्याच कारणाने केस हा त्या क्षणीच्या नशेचा पुरावा होऊ शकत नाही. समृद्धी महामार्गावर अपघात झाल्यास चालकाने त्या वेळी मद्यप्राशन केले होते काय, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तातील ३० मिलिग्रॅम या मर्यादेवरूनच ठरेल, केसावरून नव्हे.

कोकेन, अ‍ॅम्फेटामिन यांसारखी अल्कधर्मी द्रव्ये मेलॅनिन या रंगद्रव्याला घट्ट चिकटतात. म्हणून समान सेवन असूनही काळ्या केसांत त्यांचे प्रमाण अधिक व पांढऱ्या केसांत कमी आढळते. येथे कलपाचा पहिला पेच उभा राहतो. कलप लावलेला केस डोळ्यांना काळा दिसतो. पण त्यात मेलॅनिन नसते. नमुना घेणाऱ्याने ‘केस काळे’ एवढीच नोंद केली, तर ती वर्णन म्हणून खरी आणि विज्ञान म्हणून खोटी ठरते.

कलप, ब्लीच, मेंदी आणि तेल

सर्वाधिक परिणाम ऑक्सिडीकरण करणाऱ्या प्रसाधनांचा होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे केसाचे बाह्य खवले उघडतात, मेलॅनिन विघटित होते आणि त्याला बद्ध असलेले द्रव्य एक तर रासायनिकदृष्ट्या नष्ट होते किंवा पुढील धुण्यात वाहून जाते. ब्लीच केलेल्या केसांत द्रव्याचे प्रमाण ५० ते ८० टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले आहे. कायम टिकणाऱ्या कलपात पॅराफेनिलीनडायअमिन व पेरॉक्साइड यांचा संयोग असतो. त्याचा परिणाम तुलनेने सौम्य, पण दिशा तीच. केस कुरळे करण्यासाठी वापरले जाणारे थायोग्लायकोलेट केराटिनचे गंधकबंध तोडते, त्यामुळेही घट होते. केस सरळ करण्याच्या तापलेल्या उपकरणाचा प्रकार थोडा निराळा आहे : उष्णतेने कोकेनचे विघटन होऊन बेंझॉइलएक्गोनिन वाढते. हेच संयुग शरीरातही तयार होत असल्याने ते सेवनाची खूण मानले जाते. म्हणजे या दोहोंच्या गुणोत्तरावर विसंबणारा अर्थ बिघडू शकतो.

साध्या शाम्पूने किंवा शिकेकाईने केस धुतल्याने निष्कर्षात लक्षणीय फरक पडत नाही. ‘केस शुद्ध करणारे’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या शाम्पूंचे दावे विज्ञानापेक्षा जाहिरातीच्या प्रांतातले अधिक आहेत.

जालना, अंबड, परतूर वा भोकरदनच्या बाजारात मिळणाऱ्या पुडीतल्या कलपाकडे आणि मेंदीकडे येथे विशेष लक्ष दिले पाहिजे. शुद्ध मेंदीतील लॉसोन केराटिनला बद्ध होऊन रंग देते. ते मेलॅनिन विरंजित करीत नाही. ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णात मात्र बहुधा पॅराफेनिलीनडायअमिन मिसळलेले असते. ‘मेंदी लावतो’ हे एकच उत्तर दोन भिन्न रासायनिक क्रियांना लागू पडते, म्हणून पुडीचे नाव विचारणे हाच उपाय. खोबरेल तेलाची अडचण त्यामानाने लहान आहे. विश्लेषणापूर्वी केस सेंद्रिय द्रावकाने व नंतर पाण्याने धुतले जातात. त्यात तेल व त्यावर बसलेली धूळ निघून जाते. हे धुवण राखून त्याचीही तपासणी केली, तर द्रव्य बाहेरून लागले होते काय याचा अंदाज येतो.

निर्दोष व्यक्ती अडकण्याचा संभव

आतापर्यंतचे परिणाम सेवन करणाऱ्याला वाचविणारे होते. याची उलट बाजू अधिक गंभीर आहे. मद्यसेवनाची खूण म्हणून केसांत एथिल ग्लुकुरोनाइड मोजतात. मुळाकडील तीन सेंटिमीटरमध्ये मिलिग्रॅमला ३० पिकोग्रॅम ही दीर्घकालीन अतिसेवनाची सर्वमान्य मर्यादा आहे. काही वनस्पतिजन्य केशलोशनांत हेच संयुग मुळातच आढळले आहे. दुसरी खूण असलेले मेदाम्लांचे एथिल एस्टर तर मद्यार्कयुक्त केशद्रव लावल्यानेही वाढतात. गांजाच्या बाबतीत मूळ टीएचसी धुराने वा हाताच्या स्पर्शाने केसावर बसू शकते. त्याचे शरीरात तयार होणारे कार्बॉक्सी चयापचयज सापडले तरच सेवनाचा निष्कर्ष भक्कम होतो. येथे एक कायदेशीर गुंतागुंतही आहे. १९८५ च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत शेंड्यांविरहित पाने येत नाहीत. ती भांगेची असतात. केसाला मात्र भांग आणि गांजा यांतला भेद कळत नाही.

रासायनिक प्रक्रियांनी जीर्ण झालेला केस बाहेरचे द्रव्य अधिक शोषतो, हा मुद्दा बोस्टन शहराच्या पोलीस दलात निर्णायक ठरला. केवळ केसांतील कोकेनवरून बडतर्फ झालेल्या दहा कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी सहा जणांना मॅसॅच्युसेट्सच्या नागरी सेवा आयोगाने २०१३ मध्ये पुनर्नियुक्ती दिली; केसाची सकारात्मक चाचणी एकटीच सेवन सिद्ध करीत नाही, असे आयोगाचे मत पडले. काळे केस आणि प्रसाधनांचा नित्य वापर या दोन्ही गोष्टी मराठवाड्यातील माणसालाही लागू आहेत.

नमुना घेताना

जिल्ह्यातील नमुने साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जावोत अथवा अन्यत्र, विश्लेषकाला तो माणूस दिसत नाही. दिसते ते पाकीट. म्हणून प्रसाधनाचा इतिहास नमुन्याच्या क्षणीच नोंदविणे आवश्यक ठरते. २०२४ मध्ये जालन्यात सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक शिकविताना ही बाब सहज अंतर्भूत करता येईल. केस डोक्याच्या मागील वरच्या भागातून, पेन्सिलीच्या जाडीएवढे, त्वचेलगत कापावेत. मुळाकडील टोक खुणेने दाखवून फॉइलमध्ये ठेवावेत. वडील वारल्यानंतर क्षौर केलेल्या पुरुषाच्या डोक्यावर केस नसतात. अशा वेळी छातीचे वा काखेचे केस घेता येतात, पण त्यांची वाढ व विश्रांतीचा काळ वेगळा असल्याने महिन्यांचा हिशेब मांडता येत नाही, आणि मुंडणाला पुरावा लपविण्याचा प्रयत्न समजणे तर सर्वस्वी अनुचित होय. कलप शेवटचा केव्हा लावला, कोणत्या पुडीचा, मेंदी कोणती, केस सरळ वा कुरळे करून घेतले काय, डोक्याला कोणता द्रव लावला जातो, हे प्रश्न मराठीत विचारून उत्तरे त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. मुळापासून नव्याने उगवलेला भाग प्रसाधनविरहित असेल, तर विश्लेषकाने तोच स्वतंत्रपणे तपासावा.