तळघरातला मेक्सिको

इंग्लंड-हॉलंडकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या एखाद्या रात्री पहिलं कडक हिम पडतं आणि आदल्या संध्याकाळपर्यंत ताटाएवढी फुलं मिरवणारा डेलिया सकाळी काळाठिक्कर पडलेला दिसतो. पानं उकडल्यासारखी लोंबतात. झाड गेलं, असंच कोणालाही वाटेल. तिथले बागवान मात्र याच सकाळची वाट पाहत असतात. वीतभर खोड ठेवून ते वरचं सगळं छाटतात आणि बुंधा अलगद उपसतात. हाती येतो रताळ्यांसारख्या कंदांचा घोस. खोड पोकळ असतं. त्यात पाणी राहून कुजू नये म्हणून घोस काही दिवस उलटा ठेवतात. मग लाकडाच्या कोरड्या भुशात पुरून चार ते दहा अंश सेल्सियसच्या तळघरात ठेवून देतात. पाणी नाही, उजेड नाही. तरी वसंतात त्याच कंदांना गुलबट कोंब फुटतात!

बरं, हा कंद थंडीला खमका असतो म्हणावं, तर तेही नाही. तो पाण्याने भरलेला. गोठला की पेशी फुटतात आणि त्याचा लगदा होतो. मग पाण्या-उजेडाविना तग धरण्याचं हे कसब त्याने कमावलं कुठे?

मेक्सिकोच्या डोंगराळ पठारांवर. तिथे साधारण जून ते ऑक्टोबर पाऊस आणि पुढे महिनोन्‌महिने कोरड. दिवस बारा तासांहून लहान होऊ लागले की डेलिया मुळांत साठा भरू लागतो. ही बेगमी दुष्काळासाठी. हिमासाठी नव्हे. १७८९ मध्ये मेक्सिकोहून त्याचं बी माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोहोचलं आणि दोन वर्षांनी काव्हानियेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं नामकरण केलं. युरोपातला बागवान दर हिवाळ्यात तळघरात उभा करतो तो खरं तर मेक्सिकोचा कोरडा ऋतू.

साठवणही न्यारी. बटाटा पिष्ट साठवतो, डेलिया साठवतो इन्युलिन, म्हणजे फळसाखरेच्या रेणूंची साखळी. थंडीत विकरं ही साखळी तोडू लागतात आणि कोंबासाठी साखर तयार होते. आपल्याला इन्युलिन पचत नाही. रक्तात टोचलं तर मूत्रपिंडं ते जसंच्या तसं गाळून टाकतात. म्हणून मूत्रपिंडांची गाळण्याची गती मोजायला डॉक्टरांनी तेच वापरलं.

आणखी एक गंमत. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कारण तो खोड आहे. डेलियाचा कंद म्हणजे मूळ. डोळे फक्त मानेपाशी, जुन्या खोडाला लागून. मान तुटलेला कंद कितीही गलेलठ्ठ असो, महिनोन्‌महिने टणक राहील, पण कोंब काही देणार नाही.

आपल्या सह्याद्रीतली कळलावीही अशीच पावसाळा संपला की जमिनीत दडी मारते. महाराष्ट्रात डेलिया हिवाळ्यात फुलतो, त्यामुळे इथे त्याला सांभाळायचं ते उन्हाळ्याच्या काहिलीपासून आणि पावसाळ्याच्या ओलीपासून. तेव्हा मार्चमध्ये पानं पिवळी पडली म्हणून कुंडी उकिरड्यावर रिकामी करू नका. पाणी तोडा, कंद मानेसकट काढा, कोरड्या वाळूत घालून घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. अधूनमधून चाचपून बघा. मऊ लागला तो काढून टाका. पाऊस ओसरला की उरलेले पुन्हा लावा.